वर्षभर वापरलेली शुभवर्तमान रोजनिशी: पाण्यात भिजली, बाइंडिंग सुटलं, तरी परत घेतली

आधीच सांगते, ही काय मोठी वस्तू नाही. १२० रुपयांची वही आहे, रोज एक पान, पानावर त्या दिवसाच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या गोष्टीच्या उताऱ्याचा, फक्त संदर्भ, खाली चार ओळी, मग एक प्रश्न आणि उरलेल्या जागेत आपण लिहायचं. २०२४ च्या नोव्हेंबरात रविवारच्या मिस्सानंतर चर्चबाहेर टेबल मांडलं होतं तिथून घेतली. खरं सांगायचं तर दीडशे दिले होते आणि त्या पोराकडे सुट्टे नव्हते, म्हणून तीसची मेणबत्ती पण घेतली. छापणाऱ्यांचं नाव लिहीत नाही कारण पुढे तक्रारी पण आहेत, आणि ती माणसं फुकटात काम करतात हे मला माहितीये.

आम्ही वसईच्या पाचूबंदरचे, घरची बोट आहे, डोलीची मासेमारी, म्हणजे समुद्रात एका जागी बांधलेलं पिशवीसारखं जाळं, भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी त्यात येते. नवरा समुद्रावर, सासरे आता घरी पण आख्खं आयुष्य तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, म्हणून गेलेलं, आणि बोटीचा हिशोब माझ्याकडे: डिझेल, बर्फ, खलाश्यांचे पगार, उचल, सगळं. म्हणजे मी ही वही कशी वापरली ते समजून घ्या. सकाळी शांत खोलीत अगरबत्ती लावून वगैरे नाही, पहाटे बोट लागायची वाट बघताना किंवा दुपारी बोंबील वलांडीवर, म्हणजे वाळवायच्या बांबूच्या मांडवावर, टाकून झाल्यावर, हाताला वास तसाच. पानांवर डाग आहेत. मार्चची दोन पानं एकमेकांना चिकटलीयेत ती अजून सुटली नाहीत.

पहिला घोळ असा झाला की मी १ जानेवारी शोधत बसले. वही १ डिसेंबरला सुरू होते, कारण आपलं उपासना वर्ष नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होतं आणि तो २०२४ ला १ डिसेंबरला होता. हे मला माहीत असायला हवं होतं, लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवलंय, पण कॅलेंडरची सवय. ते वर्ष लूकचं होतं. म्हणजे रविवारची शुभवर्तमानं तीन वर्षांच्या चक्राने फिरतात, मत्तय, मार्क, लूक ह्या लेखकांची, आणि योहान मधेमधे येतो, आणि आठवड्यातल्या बाकी दिवसांची मात्र दरवर्षी तीच. हे वहीच्या सुरुवातीला अर्ध्या पानात नीट समजावलंय, हा भाग मला आवडला, कुठे विद्वत्ता पाजळलेली नाही.

त्याच प्रस्तावनेत मनन कसं करायचं ते पण आहे. बाराव्या शतकात फ्रान्समध्ये गुईगो म्हणून एक कार्थुशियन मठवासी होऊन गेला, त्याने चार पायऱ्यांची शिडी सांगितली: वाचन, मनन, प्रार्थना, आणि शेवटी नुसतं देवासमोर बसणं. जुने मठवासी मननाला रवंथ म्हणायचे, गाय करते तसं, एकच शब्द तोंडात घोळवत राहायचा. हे वाचून मी हसले होते पण वर्षभराने सांगते की ह्या वहीचं सगळं काम ह्या एका शब्दात आहे. चौथ्या पायरीवर मी काय पोचले नाही. बसले की डोळा लागतो.

आता तक्रारी, म्हणजे एकदाच होऊन जातील.

बाइंडिंग भिकार. फेब्रुवारीतच मधली पानं सुटायला लागली, जूनपर्यंत वही म्हणजे पत्त्यांचा कॅट. समुद्राजवळ दमट हवा असते हे काय नवीन नाही, छापणारे पण इथल्याच हवेत राहतात ना. गोंद लावून भागवायचं असेल तर निदान जाड पुठ्ठा द्या. कागद पातळ, जेल पेनने लिहिलं तर मागच्या पानावर उमटतं, शेवटी मी हिशोबाच्या वहीचं साधं बॉलपेन वापरायला लागले.

लिहायला जागा फक्त सात ओळी. जेव्हा काही सुचत नाही तेव्हा सात ओळी वाळवंटासारख्या वाटतात आणि जेव्हा सुचतं तेव्हा मी समासात, वर, तिरपं असं लिहून ठेवलंय, आता माझं मलाच वाचता येत नाही.

आणि प्रश्न. काही प्रश्न असे की वाटतं लिहिणारा रोज विरार लोकलने चर्चगेटला जातो. ऑफिसातला सहकारी, बॉस, प्रमोशन, मीटिंगमध्ये तुम्ही खरं बोलता का. अहो माझा बॉस नवरा आहे आणि मीटिंग बंदरावर होते, तिथे सगळे खरंच बोलतात, तेही ओरडून. आठवड्यातून दोन-तीनदा तरी हे ऑफिस येतंच. शेतीवाले, भाजीवाले, कोळी, घरी आजारी माणसाचं करणाऱ्या बायका, ह्यांनी काय करायचं? रविवारची पानं तर मी सरळ सोडून द्यायला लागले, तिथे प्रश्नाऐवजी प्रवचनच असतं, आणि प्रवचन तर आम्ही चर्चमध्ये ऐकून आलेलोच असतो.

अजून एक, आधी मला ही पण तक्रारच वाटली होती. शुभवर्तमानाचा उतारा छापलेला नाही, फक्त 'लूक ५:१-११' असं. म्हणजे बायबल वेगळं उघडायचं. आमच्याकडे दिब्रिटो फादरांचं सुबोध बायबल आहे, जाडजूड, ते कपाटातून काढा, पुसा, उघडा, कोण करणार रोज. मोबाइलवर तर सकाळी साडेपाचला कोणी ना कोणी आख्खा उतारा फॉरवर्ड करतंच, वर गुलाबाचं फूल आणि गुड मॉर्निंग. पण झालं असं की फॉरवर्ड मी अंगठ्याने वर सरकवायचे आणि बायबल उघडायला लागलं की मात्र बसावंच लागायचं, आणि समोर आजूबाजूचं पण दिसायचं, आधी काय झालं, पुढे काय. महिन्याभरात बायबल कपाटातून जेवणाच्या टेबलावर आलं ते तिथेच राहिलं. मुद्दाम केलंय का जागा वाचवायला केलंय माहीत नाही, पण बरोबर केलंय.

आता जे मला खरं सांगायचंय ते.

लूक ५:१-११, जाळं भरण्याची गोष्ट, २०२५ मध्ये दोनदा आली. एकदा ९ फेब्रुवारीला रविवारी आणि परत ४ सप्टेंबरला, गुरुवारी. माझी दोन्ही पानं समोर ठेवून लिहितेय. फेब्रुवारीच्या पानावर माझ्या हातचं एवढंच आहे: 'छान. विश्वास ठेवावा.' बस. कोळ्याच्या घरात राहून, येशूच्या कोळी शिष्याची, पेत्राची गोष्ट वाचून, मी छान लिहिलं. लाज वाटते.

सप्टेंबरचं पान वेगळं. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, बोट वर ओढलेली, ऑगस्टला सुरू केलं तर हवा खराब, कर्ज काढून नवीन जाळी घेतलेली, आणि वर गणपतीचे दिवस. गौरी दोनच दिवसांपूर्वी गेल्या होत्या, अनंत चतुर्दशी यायची होती, त्या दिवसांत आमच्या मार्केटचं अर्धं गिऱ्हाईक मासळीला हात लावत नाही, त्यामुळे आलं तरी भाव नाही. आणि आलं पण नव्हतं. भांगाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटी कमी, पाण्याला ओढ नाही, डोलीत काय येणार? पहाटे नवरा आला तो बोलला पण नाही, दोन टोपल्या करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, आणि बाकी सगळा कचरा. जेलीफिश, प्लास्टिकच्या पिशव्या, एक चप्पल. चप्पल नवीन होती, एकच पाय.

अशा दिवशी ते पान उघडलं. सासऱ्यांना दिसत नाही नीट, म्हणून मी मोठ्याने वाचलं. बाबांना असं वाचून दाखवलं की ते कोर्टात बसल्यासारखे ऐकतात, मधेच थांबवतात. पहिल्यांदा त्यांनी थांबवलं ते दुसऱ्या ओवीला, कोळी होडीतून उतरून जाळी धूत होते तिथे.

'थांब. काही मिळालं नव्हतं ना त्यांना?'

'नाही बाबा, रात्रभर काही नाही.'

'मग बरोबर हाय. रिकामं जाळं जास्त धुवायला लागतं.'

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. कारण बाहेर अंगणात नवरा तेच करत होता. मासळी आली की जाळं झटकलं की झालं, बाकीचं नंतर. मासळी नाही आली की सगळा चिखल, शेवाळ, जेलीफिशचं ते खाज आणणारं चिकट, प्लास्टिकचे धागे जाळ्याच्या डोळ्याडोळ्यात अडकलेले, एकेक काढायचं, आणि अंगात जीव नसतो कारण मिळालेलं काही नाही. आता विचार करा, पेत्र हे करून बसलाय, जाळं धुतलंय, आता वाळवायचं आणि घरी जाऊन झोपायचं, आणि हा येशू येतो, होडीत बसून लोकांना शिकवतो, आणि वर म्हणतो खोल पाण्यात ने, जाळं टाक. म्हणजे धुतलेलं जाळं परत घाण करायचं. फेब्रुवारीत मला हे दिसलंच नव्हतं. मला वाटलं होतं पेत्राची अडचण विश्वासाची आहे. बाबा म्हणाले अडचण धुण्याची आहे.

मग अर्थात त्यांचं दुसरं सुरू झालं, की सुताराच्या पोराने कोळ्याला सांगायचं? आणि तेही दिवसा? त्या काळी जाळी लिननच्या धाग्याची, दिवसा माशाला दिसायची, म्हणून रात्रीची मासेमारी, हे मी त्यांना सांगितलं, हे वहीच्या चार ओळींत होतं. ते खूश झाले, हां, मग पेत्र बरोबर होता म्हणाले. आणखी सांगितलं की गालीलचा समुद्र म्हणतात तो समुद्र नाही, गोड्या पाण्याचं सरोवर आहे, २१ किलोमीटर लांब, भरती-ओहोटी नाही. हे मात्र त्यांना पटलं नाही. भरती-ओहोटी नाही तर जाळं लावणार कसं? डोलीवाल्याला ओढीशिवाय पाणी म्हणजे पाणीच नाही. १९८६ साली दुष्काळात त्या सरोवराचं पाणी आटलं तेव्हा दोन मच्छीमार भावांना चिखलात पहिल्या शतकातली होडी सापडली, साधारण २७ फूट लांब आणि साडेसात फूट रुंद, वेगवेगळ्या लाकडांचे तुकडे बसवून बसवून दुरुस्त केलेली. हे मी मोबाइलवर शोधून दाखवलं. बाबा फोटो डोळ्याला लावून म्हणाले, 'गरिबाची होडी हाय. ज्याच्याकडं पैसा असतो तो नवीन बांधतो.' मी हे समासात लिहून ठेवलंय.

त्या दिवशीचा छापलेला प्रश्न होता: आज कोणतं जाळं तुम्ही धुवून, गुंडाळून ठेवलंय? ऑफिस नाही, बॉस नाही, साधा प्रश्न. मी सात ओळी भरल्या आणि वर सरकले. जावेशी वलांडीच्या जागेवरून बोलणं बंद होतं, दोन वर्षं. मार्चमध्ये, धुळवडीच्या दिवशी, मत्तयचा तो उतारा आला होता, वेदीपाशी अर्पण ठेव आणि आधी भावाशी समेट कर, तेव्हा मी गेले होते. तिने चहा दिला, बिनसाखरेचा, मुद्दाम का चुकून माहीत नाही, आणि टीव्ही बंद केला नाही. मी परत आले आणि ठरवलं की झालं, आपण आपलं केलं, विषय संपला. म्हणजे धुवून गुंडाळून ठेवलं. सप्टेंबरच्या त्या पानानंतर परत गेले, करंदीच्या त्या दोन टोपल्यांतली थोडी घेऊन. ह्यावेळी पण टीव्ही चालू होता. साखर होती. जास्त काही सांगण्यासारखं नाही, वलांडीचं अजून ठरलेलं नाही.

दुसरं पान १८ नोव्हेंबरचं, लूक १९, जक्कयची गोष्ट. हे लिहू की नको असं झालंय, पण वहीचा रिव्ह्यू आहे आणि वहीने काय केलं ते लिहायला नको तर काय लिहू.

जक्कय म्हणजे यरीहोचा मोठा जकातदार, बुटका, येशूला बघायला उंबरावर चढला. उंबर आपल्याकडे पण आहे, फांद्या खाली असतात, चढायला सोपा, हे वहीत लिहिलंय. मग तो म्हणतो कोणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत देतो. आणि चार ओळींत एक माहिती होती जी मला ठाऊक नव्हती: आपण होऊन कबूल करून परत देणाऱ्याला मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा एवढंच द्यायचं होतं, गणना ५:७. चौपट हे जक्कयने स्वतःहून वाढवलं. प्रश्न होता: तुमच्या हिशोबात कोणाचं राहिलंय?

मी हिशोब ठेवते. रोज ठेवते. आमच्याकडे डहाणूकडचा एक खलाशी आहे, चार सिझन झाले. सिझनच्या आधी उचल देतो आणि दर महिन्याला थोडी कापतो. ऑक्टोबरमध्ये त्याच्या पानावर १४०० दोनदा कापले गेले होते. चूक माझी, झोपेत लिहिलेलं. पण ती मला दिवाळीच्या आधीच दिसली होती, आणि दिवाळीला तो गावी जाताना पैसे मागायला आला तेव्हा मी वही दाखवून म्हटलं बघ, एवढेच निघतात. त्याला वाचता येतं, पण माझं अक्षर येत नाही. डिझेलवाल्याचं देणं होतं, मनात म्हटलं नाताळात सरळ करू.

म्हणजे चूक नव्हती ना ती. हे त्या पानावर मी सात ओळींत लिहिलं नाही. काहीच लिहिलं नाही, ते पान आजही कोरं आहे, नुसती तारीख. मी कॅल्क्युलेटर काढला. १४०० चे चौपट ५६००. कॅल्क्युलेटर बंद केला. मी जक्कय नाही. मग पाचवा हिस्सा काढला, २८०, आणि १६८० पाकिटात घालून संध्याकाळी बंदरावर गेले.

त्याने मोजले. परत मोजले. 'वहिनी, हे वरचे २८० कसले?'

मी म्हटलं माझ्याकडून चुकीने दोनदा कापले गेले होते, आणि मला माहीत असून सांगितलं नव्हतं, म्हणून वरचे. तो गप्प. जाळ्यातलं प्लास्टिक काढत राहिला थोडा वेळ. मग म्हणाला, 'मग आता दर महिन्याला चुका.' आणि बाजूचे सगळे हसले, मी पण हसले, पण घरी येईपर्यंत कान गरम होते. आता दर महिन्याला त्याचं पान मी त्याला मोठ्याने वाचून दाखवते. बाकीच्यांना पण. नवरा म्हणतो वेळ जातो. जातोच.

तर वही कोणी घ्यावी? ज्यांना उत्तरं छापलेली हवीत त्यांनी घेऊ नये, त्यांच्यासाठी बाजारात भरपूर जाड पुस्तकं आहेत. ज्यांच्याकडे निवांत अर्धा तास असतो त्यांनाही लागणार नाही बहुतेक, ते चारही पायऱ्या चढतील. मला उपयोग झाला कारण हात कामात असतात आणि डोकं रिकामं, एक प्रश्न सकाळी डोक्यात टाकला की बोंबील अडकवता अडकवता तो फिरत राहतो. रोज नाही होत. मी मोजलं, ३६४ पानांपैकी माझी लिहिलेली २११ आहेत, त्यातली बरीचशी जून-जुलैची, बंदीतली. एप्रिलमध्ये तर पवित्र आठवड्यात चार दिवस कोरे, कारण उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत शुक्रवारी मटण बंद म्हणून मासळीला मागणी आणि आम्हाला श्वास घ्यायला वेळ नाही, हा आमच्या धंद्याचा विनोद आहे. मोबाइल ॲप पण वापरून बघितलं मधे, ऑडिओवालं, बाईचा आवाज गोड आहे, पण ॲपला माहीत नसतं की तुम्ही मागच्या वेळी 'छान' लिहून पळ काढला होता. वहीला माहीत असतं, पान उलटलं की दिसतं.

पाचपैकी किती विचाराल तर आतल्या मजकुराला चार, रविवारच्या पानांना दोन, बाइंडिंगला शून्य.

२०२५ च्या ३० नोव्हेंबरपासून मत्तयचं वर्ष सुरू झालं. नवीन वही १३० ला झालीये, बाइंडिंग तेच, ओळी आठ केल्यात, कोणीतरी सांगितलेलं दिसतं. दोन घेतल्या, एक जावेला दिली, तिने अजून उघडली का नाही विचारलं नाही. माझी मी घरी आणली तशी बाबांनी हातात घेतली, पाठीला बोट लावून बघितलं, काही बोलले नाहीत. संध्याकाळी बघते तर ओट्यावर बसून, जाळं शिवायच्या सुईने, नायलॉनच्या हिरव्या दोऱ्याने, वहीची पाठ शिवत होते. डोळ्याला दिसत नाही, बोटांनी चाललं होतं. मी म्हटलं बाबा दोरा जाड आहे, पानं फाटतील. म्हणाले, 'गप. आधी भोकं पाडून घेतलीत.'